शेवटच्या शाखेचा आकडा

२०२४ सालच्या मार्च महिन्यात माझा कॉम्प्युटर रुसला. बिघडला असं म्हणता येणार नाही, कारण लिहिण्याचं काम नेहमीसारखं चालू होतं. पण रोज सकाळी चहाच्या वेळी तो ज्या नव्या दुरुस्त्या आपणहून मागवून घ्यायचा, त्या येईनाशा झाल्या. पहिले चार दिवस मी लक्ष दिलं नाही. आठवडा गेला, दुसराही गेला. ज्या प्रोग्रॅमात मी लिहितो त्यातली एक त्रासदायक खोड दूर झाल्याची बातमी भाच्याने केव्हाच दिली होती. ती दुरुस्ती काही माझ्या घरापर्यंत पोचेना.

बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वाट पाहण्याची सवय असते. पण कशासाठी थांबलो आहोत हे कळल्याशिवाय थांबणं त्याला जमत नाही. शेवटी भाच्याला फोन केला. हे मशीन त्यानेच मला बसवून दिलेलं.

"मामा, तुझ्या मशीनचा काही दोष नाही," तो म्हणाला. "तुझ्या प्रोसेसरसाठी सगळं तयार आहे. पण दुसऱ्या एका जातीच्या प्रोसेसरवर बांधणी फसते आहे. ती होईपर्यंत सगळ्यांनाच थांबावं लागणार."

"त्या जातीचा प्रोसेसर माझ्याकडे आहे का?"

"नाही."

"तुझ्याकडे?"

"नाही रे."

"मग मी का थांबायचं?"

हा प्रश्न मी विचारला खरा, पण विचारताक्षणी चपापलो. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मी अडतीस वर्षांपूर्वी एकदा विचारला होता. तेव्हा समोर कॉम्प्युटर नव्हता, एक माणूस होता. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी भाच्याने मला जे समजावलं आणि पुढे मी जे खोदून खोदून वाचलं, ते सांगतो. त्याशिवाय त्या माणसाची गोष्ट नीट कळायची नाही.

एक पाककृती, अनेक चुली

माझ्या कॉम्प्युटरवर 'डेबियन' नावाची कार्यप्रणाली आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली. त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा. डेब्रा आणि इयन मिळून डेबियन. या प्रणालीला कोणी मालक नाही. जगभर विखुरलेले स्वयंसेवक ती चालवतात आणि ती फुकट मिळते. तिच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या १९९५ सालच्या चित्रपटातल्या पात्रांची नावं दिलेली असतात, कारण त्या सुमारास प्रकल्पाचे प्रमुख असलेले ब्रूस पेरेन्स हा चित्रपट काढणाऱ्या पिक्सार कंपनीत नोकरीला होते.

आता बांधणी म्हणजे काय? प्रोग्रॅम लिहिणारा माणूस तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. प्रोसेसरला ती भाषा कळत नाही. म्हणून त्या मूळ मजकुराचं प्रोसेसरच्या आकड्यांच्या भाषेत रूपांतर करावं लागतं. त्यालाच 'बिल्ड' म्हणजे बांधणी म्हणतात. पण प्रोसेसरांचीही घराणी आहेत. घरातल्या कॉम्प्युटरात असतं ते इंटेलचं घराणं, मोबाइल फोनात असतं ते एआरएमचं, मोठ्या बँकांची खाती सांभाळणाऱ्या आयबीएमच्या मेनफ्रेमचं तिसरंच. प्रत्येकाची भाषा निराळी. थालीपीठाची कृती एकच. पण ते गॅसवर लावायचं, चुलीवर लावायचं की विजेच्या शेगडीवर, यावर तव्याची आणि आचेची सगळी गणितं बदलतात. एका चुलीवर खमंग झालेलं थालीपीठ दुसरीवर करपू शकतं.

डेबियनवाले एकच कृती अनेक चुलींवर करतात. नवीन प्रोग्रॅम आधी 'अनस्टेबल' नावाच्या खोलीत जातो. तिला 'सिड' हे नाव आहे. 'टॉय स्टोरी'तला खेळणी मोडणारा शेजारचा द्वाड मुलगा तो हा. तिथे तो प्रोग्रॅम निकडीनुसार दोन, पाच किंवा दहा दिवस राहतो. तेवढ्यात त्याच्यात नवा गंभीर दोष सापडला नाही, तर तो पुढच्या म्हणजे 'टेस्टिंग' या खोलीत जायला पात्र होतो. माझं मशीन या दुसऱ्या खोलीतून माल घेतं. सगळं स्थिरस्थावर झालं की तिथूनच तयार होते ती पक्की आवृत्ती.

पण दोन खोल्यांमधल्या दारावर आणखी एक अट लिहिलेली आहे. त्या प्रोग्रॅमची बांधणी, ज्या ज्या अधिकृत प्रोसेसर-जातींसाठी तो आजवर मिळत होता, त्या सर्वांवर झालेली हवी. दहापैकी नऊ जातींवर झाली आणि दहावीवर फसली तर दार उघडत नाही. हे दार राखणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव 'ब्रिटनी'. तिच्याकडे वशिला चालत नाही. शिवाय प्रोग्रॅम एकमेकांच्या आधाराने उभे असतात. भिंतीतली एक वीट अडली की तिच्यावर रचायच्या शेकडो विटा अडतात.

एका छोट्या घड्याळासाठी

मार्च २०२४ मध्ये अडलेली वीट एका घड्याळाची होती. कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले हे मोजून तारीख-वेळ ठरवतो. ३२ बिटांच्या जुन्या पद्धतीत हा आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. पुढच्या सेकंदाला ते घड्याळ उलटं फिरून डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. २०३८ दूर आहे असं वाटेल. पण बँकवाल्याला विचारा. आज पंधरा वर्षांचं गृहकर्ज दिलं, तर त्याचा शेवटचा हप्ता त्या तारखेच्या पलीकडे पडतो.

माझं मशीन ६४ बिटांचं. त्याला ही व्याधी नाही. व्याधी होती ती ३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरांना. लहान लहान यंत्रांत, हाताच्या पंजावर मावणाऱ्या कॉम्प्युटरांत ते असतात. त्यांचं घड्याळ रुंद करायचं तर वेळेशी संबंध येणाऱ्या हजाराहून जास्त मूलभूत प्रोग्रॅमांची नव्याने बांधणी करणं भाग होतं. जुन्या-नव्याची गल्लत होऊ नये म्हणून त्यांच्या नावांना 'टी६४' अशी शेपूट जोडली गेली. नावं सगळ्या जातींना सामाईक. म्हणून ज्यांना गरज नव्हती त्यांच्याही नावांत बदल झाला. त्यातून त्या छोट्या प्रोसेसरांवर बांधणी फसू लागली. पहिला प्रोग्रॅम बांधायला दुसरा हवा, दुसरा बांधायला पहिला हवा, आणि जुना पहिला आता नव्या दुसऱ्याशी जुळत नाही. आधी लगीन कोणाचं, असा पेच. तो सुटेपर्यंत मार्च-एप्रिलचे कितीतरी आठवडे माझ्यासारख्या मोठ्या मशीनवाल्यांच्या दुरुस्त्याही पहिल्या खोलीत पडून राहिल्या.

या कामाच्या अग्रभागी स्टीव्ह लँगासेक नावाचे एक गृहस्थ होते. हे नाव लक्षात ठेवा.

घाटापलीकडची शाखा

आता माझी गोष्ट. १९८६ साली मी एका बँकेच्या प्रादेशिक कचेरीत कनिष्ठ अधिकारी होतो. वय सत्तावीस. तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरात संपायचं आणि जूनअखेर अर्धवार्षिक क्लोजिंग असायचं. क्लोजिंगच्या रात्री ज्यांनी बँकेत काढल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. ट्रायल बॅलन्स जुळेपर्यंत घरी जायचं नाही, मागवलेली भजी गार होईपर्यंत बेरजा मारायच्या. प्रत्येक शाखेचा आकडा आमच्याकडे यायचा, सगळ्यांचा मेळ घालून आम्ही तो मुख्य कचेरीकडे पाठवायचो. शेवटच्या शाखेचा आकडा आल्याशिवाय आमचा मेळ पुरा होत नसे, आणि आमचा झाल्याशिवाय मुख्य कचेरीचा नाही.

आमच्या प्रदेशात कोकणातली, घाटापलीकडची एक लहान शाखा होती. मॅनेजर, दोन क्लार्क आणि एक शिपाई. जूनअखेर म्हणजे ऐन पावसाळा. ट्रंक कॉल लागत नसे, टपाल वेळेवर येत नसे. त्या वर्षी सगळ्या शाखांचे आकडे आले, या एका शाखेचा आला नाही. मी साहेबांसमोर चिडून म्हणालो, "सर, त्या शाखेच्या ठेवी त्या किती, आणि तिच्यासाठी आपण सगळ्यांनी का थांबायचं?"

शेवटी शिपाई एस.टी.ने पत्रकं घेऊन आला. मी ती तपासली तर मुदत ठेवींवरच्या व्याजाच्या तरतुदीचा आकडा चुकलेला. ही तरतूद काढण्यासाठी आमच्या कचेरीने सायक्लोस्टाईल केलेलं एक तयार कोष्टक सगळ्या शाखांना पाठवलं होतं. त्याप्रमाणे एका मुदतीच्या ३ लाख ८४ हजारांच्या ठेवींवर १०,०९९ रुपये २० पैसे यायला हवे होते. यांनी दाखवले होते ९,०६२ रुपये ४० पैसे. मी पत्रकं परत पाठवली: पुन्हा काढा.

तीन दिवसांनी उत्तर आलं. आकडा तोच. मी पुन्हा परत पाठवली. या वेळी पत्रकांबरोबर मॅनेजरांची हातची चिठ्ठी होती. ते माझ्याहून पंचवीस वर्षांनी तरी मोठे, पण कचेरीतला म्हणून मला 'साहेब' लिहायचे. त्यांनी लिहिलं होतं की आपण पाठवलेलं कोष्टक पावसाने भिजून वाचता येईना, म्हणून मूळ व्याजदरावरून हिशेब हाताने केला, तीनदा केला. आणि शेवटी एक ओळ होती: 'दोन्ही आकड्यांतील फरकास नऊने भाग जातो, तरी कोष्टक एकवार तपासावे ही विनंती.'

बँकेत पहिल्या वर्षी शिकवलेली युक्ती होती ती. दोन आकड्यांच्या फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असल्याचा संशय घ्यावा. मला ती येत होती. पण मी कोष्टक तपासलं नाही. बाकीच्या सगळ्या शाखांचे आकडे कोष्टकाशी जुळत होते, मग चूक या एकाचीच असणार, हे मला इतकं उघड दिसत होतं! मी त्यांचा आकडा खोडून आमचा घातला, मेळ पुरा केला आणि निश्चिंत झालो.

पुढे त्यांच्या गोपनीय अहवालासाठी साहेबांनी माझ्याकडून टिपण मागवलं. मी लिहिलं: 'कामात विलंब. सूचनांचे पालन करत नाहीत.' साहेबांनी ते तसंच उतरवलं.

व्हँकुव्हरची बैठक

माझ्या त्या प्रश्नाचं मोठं भावंड डेबियनमध्ये २००५ साली उभं राहिलं. 'वुडी' ही आवृत्ती १९ जुलै २००२ रोजी निघाली होती. तिच्यानंतरची 'सार्ज' निघता निघत नव्हती. तिच्यात पंधरा हजारांवर पॅकेजेस होती आणि प्रोसेसरांच्या अकरा जाती. उशिराचं सगळं खापर या अकरा जातींवर फोडणं अन्यायाचं होईल. इन्स्टॉलर नव्याने लिहिला जात होता, इतरही कामं रखडली होती. पण प्रत्येक पॅकेज अकरा ठिकाणी बांधायचं, आणि त्यातल्या काही ठिकाणची यंत्रं पंधरा-पंधरा वर्षांची जुनी, हे ओझं लहान नव्हतं. मोटोरोलाच्या ६८००० घराण्याचं उदाहरण घ्या. एकेकाळचे ॲपल मॅकिंटॉश, अमिगा आणि अटारी हे कॉम्प्युटर याच घराण्यातले. इंटेलच्या बरोबरीने डेबियनच्या अधिकृत आवृत्तीत आलेला पहिला पाहुणा तोच, १९९८ साली. सात वर्षांनी मात्र तो धापा टाकत होता. नवं यंत्र जे काम तासाभरात उरकी, त्याला ह्याला दिवसच्या दिवस लागत.

दरम्यान ऑक्टोबर २००४ मध्ये शेजारी एक नवं दुकान उघडलं: उबुंटू. माल बहुतांशी डेबियनचाच, पण प्रोसेसर-जाती फक्त तीन आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचं वचन. गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं.

मार्च २००५ मध्ये डेबियनची आवृत्ती काढणारी आणि कोठार सांभाळणारी मंडळी कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात बसली. बैठकीचा प्रस्ताव जाहीर केला तो स्टीव्ह लँगासेक यांनी. त्यात म्हटलं होतं की पुढच्या आवृत्तीत अकरा जातींना एकत्र नेणं झेपणारं नाही. ज्या जातीवर एकूण मालापैकी ९८ टक्के तरी बांधला जातो, आणि जिला वेगाने चालण्यासाठी दोनपेक्षा जास्त बांधणी-यंत्रं लागत नाहीत, अशांनाच मुख्य रांगेत ठेवावं. त्या हिशेबाने चारच जाती उरतील असा अंदाज होता.

मोठाच गदारोळ झाला. शेकडो पत्रं आली. फुकट काम करणारी माणसं ती. आपापल्या यंत्रावरच्या मायेपोटी रात्री जागवणारी. त्यांना वाटलं, आपल्याला पाटावरून उठवलं. आणि दुसरी बाजू? तीही खोटी नव्हती. ताटकळणाऱ्यांमध्ये निव्वळ हौशी लोक नव्हते. एखाद्या प्रोग्रॅमात चोराला शिरता येईल असं भगदाड सापडलं, तर त्याची दुरुस्तीही प्रत्येक जातीसाठी बांधावी लागे. संथ यंत्राची वाट पाहण्यात गेलेल्या तासांचा धोका सगळ्यांना होता. आणखी एक गंमत पहा. पुढे घरोघरी जो पोचणार होता तो एएमडीचा ६४ बिटी प्रोसेसर ६ जून २००५ ला निघालेल्या 'सार्ज'मध्ये अधिकृतपणे नव्हताच! त्याच्यासाठीचा संच बाहेर वेगळा तयार होता. रांगेत इतकी गर्दी, की उद्याचा यजमान दाराबाहेर उभा.

मी हे सगळं वाचत होतो तेव्हा मनाने पूर्णपणे व्हँकुव्हरच्या बाजूला होतो. बँकवाला शेवटी आकड्याने विचार करतो. थोड्यांसाठी पुष्कळांनी किती थांबावं?

तेवीसमधला तीन

पण मग मी संथ यंत्रांच्या बाजूचे कागद वाचले, आणि तिथे मला नको तो माणूस भेटला.

मराठीत आपण २३ लिहिताना आधी दोन लिहितो, पण म्हणताना 'तेवीस' म्हणतो, म्हणजे तीन आधी. इंग्रजीत आधी वीस, मग तीन. दोघांचाही आकडा बरोबर, फक्त सुरुवात वेगळ्या टोकाने. प्रोसेसरांतही असंच आहे. इंटेलचं घराणं मोठ्या संख्येचा शेवटचा तुकडा आधी ठेवतं, मेनफ्रेमचं घराणं पहिला तुकडा आधी. या भेदाला डॅनी कोहेन यांनी १९८० साली 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधून नाव दिलं. अंडं जाड टोकाकडून फोडावं की निमुळत्या, यावरून त्या कादंबरीत दोन पक्ष भांडतात. त्यावरून 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन'. एखाद्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने गृहीत धरलं की सगळं जग आपल्याच टोकाने सुरू होतं, तर त्याचा प्रोग्रॅम त्याच्या टेबलावर झकास चालतो. दुसऱ्या टोकाच्या यंत्रावर गेला की तेविसाचे बत्तीस होतात. चूक पहिल्या दिवसापासून असते. घरच्या यंत्राला ती दिसत नाही एवढंच.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. प्रोग्रॅम एकेक अक्षर वाचत जातो, आणि मजकूर संपला की त्याला 'उणे एक' अशी खूण मिळते. अननुभवी माणूस ही खूण अक्षराच्याच छोट्या खान्यात ठेवतो. इंटेलवर त्या खान्यात ऋण आकडा मावतो, म्हणून काम चालल्यासारखं दिसतं. एआरएमवर आणि मेनफ्रेमवर त्या खान्यात ऋण आकडा मावतच नाही. 'उणे एक' कधी भेटत नाही आणि प्रोग्रॅम अनंतकाळ गरगरत राहतो. सगळे म्हणतात, एआरएमवर बिघाड आहे. पण त्याच चुकीने इंटेलवर काय होतं? मजकुरात २५५ क्रमांकाचं अक्षर आलं की तोच 'उणे एक' समजून प्रोग्रॅम मध्येच थांबतो आणि पुढचा मजकूर चुपचाप गिळून टाकतो. म्हणजे दोष सगळ्यांच्याच पोटात होता. एका यंत्राने आरडाओरडा केला म्हणून तो कळला.

आणि अल्फा! डिजिटल कंपनीचा हा ६४ बिटी प्रोसेसर १९९९ सालापासून डेबियनच्या अधिकृत रांगेत होता. तो वापरणारे मूठभर. पत्ते ठेवायला ३२ बिट पुरतात या समजुतीने लिहिलेले प्रोग्रॅम त्याच्यावर धडाधड कोसळत. मूठभरांसाठी माणसं ते एकेक करून सुधारत राहिली. २००३ साली एएमडीचा ६४ बिटी प्रोसेसर बाजारात आला तेव्हा लक्षात आलं की पुष्कळसे प्रोग्रॅम आधीच तयार आहेत. संथ, एकाकी अल्फाने सगळ्यांचा गृहपाठ करून ठेवला होता.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पावसाने भिजलेलं एक कोष्टक आलं.

छत्तीस आणि त्रेसष्ट

त्या १९८६ सालच्या सप्टेंबरात हिशेबतपासनीस आले. त्यांच्यातल्या एका उमेदवार मुलाने सहज म्हणून आमचं कोष्टक मूळ व्याजदरावरून पडताळलं. त्या एका मुदतीपुढे शेकडा २ रुपये ३६ पैसे हवे होते. आमच्या कचेरीत स्टेन्सिल कापताना झाले होते २ रुपये ६३ पैसे. शंभरामागे सत्तावीस पैसे जास्त. सगळ्या शाखांनी कोष्टक बरोबर मानून आकडे काढले होते, म्हणून सगळ्यांचे आकडे एकमेकांशी जुळत होते आणि सगळे चूक होते. बरोबर होता तो एकच, ज्याला कोष्टक वाचता आलं नव्हतं.

दुरुस्तीचं परिपत्रक निघालं. त्यात कोणाचं नाव नव्हतं. अहवालातलं माझं वाक्य मात्र तसंच राहिलं. ते खोडून घ्यायला मी साहेबांकडे गेलो नाही. तरुण होतो, स्वतःची चूक वर कळवायची म्हणजे माझ्याच अहवालात वाक्य येणार! पुढच्या वर्षी त्या मॅनेजरांची बढती हुकली. त्या एका वाक्यानेच हुकली असं मला म्हणता येणार नाही. नाही असंही म्हणता येत नाही. ते त्याच शाखेतून निवृत्त झाले आणि नंतर काही वर्षांनी गेल्याचं कळलं. मी त्यांना कधीही पत्र लिहिलं नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, ती चार ओळींची चिठ्ठी लिहिली नाही.

मग थांबायचं किती?

यावर कोणी म्हणेल, मग थांबायलाच हवं, शेवटच्या यंत्रापर्यंत, कायम. मला तसं वाटत नाही. डेबियनने पुढे जे केलं ते मला या दोन्ही टोकांपेक्षा शहाणपणाचं वाटतं. व्हँकुव्हरचा प्रस्ताव जसाच्या तसा अमलात आला नाही. त्याऐवजी प्रत्येक जातीसमोर काही प्रश्न ठेवले गेले. बांधणी-यंत्रं पुरेशी आहेत का? माल वेळेवर बांधला जातो का? आणि मुख्य म्हणजे, बांधणी फसली तर रात्री उठून बघणारी माणसं आहेत का? जात लहान की मोठी यापेक्षा तिची जबाबदारी कोणी घेतली आहे का, याला महत्त्व आलं. ८ एप्रिल २००७ रोजी 'एच' ही आवृत्ती निघाली तेव्हा जाती पुन्हा अकराच होत्या. चारांवर आल्या नाहीत. एएमडीचा ६४ बिटी प्रोसेसर आत आला होता आणि मोटोरोलाचा ६८००० बाहेर गेला होता.

बाहेर म्हणजे रस्त्यावर नव्हे. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी 'पोर्ट्स' नावाची शेजारची ओसरी आहे. तिथे बांधणी फसली तर कोणाचं दार अडत नाही. मोटोरोलाचं घराणं हौशी लोकांच्या जिवावर तिथे आजही नांदतं आहे. त्यानंतर अल्फा गेला, स्पार्क गेला, पॉवरपीसी गेला. ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या 'ट्रिक्सी' या आवृत्तीत सात अधिकृत जाती आहेत. त्यात रिस्क-फाइव्ह हा नवा आला आहे, आणि ज्या जुन्या ३२ बिटी इंटेलपासून ही सगळी कहाणी सुरू झाली तो पूर्ण मानाचा सभासद राहिलेला नाही. मोठं टोक आधी ठेवणारा एकच उरला आहे, आयबीएमचा मेनफ्रेम. दुसऱ्या टोकाने वाचून चूक दाखवण्याचं काम आता त्या एकट्याकडे आहे.

छोट्या घड्याळाचा तो पेच मे महिन्यात सुटत गेला. ते काम पुढे नेणारे स्टीव्ह लँगासेक म्हणजे व्हँकुव्हरचा प्रस्ताव जाहीर करणारेच गृहस्थ. एकोणीस वर्षांपूर्वी ज्यांनी सांगितलं की सगळ्यांना घेऊन चालणं झेपणार नाही, तेच २०२४ साली ३२ बिटांच्या छोट्या यंत्रांना २०३८ च्या पलीकडे नेण्यासाठी राबत होते. १ जानेवारी २०२५ रोजी त्यांचं निधन झालं. मला यात विसंगती दिसत नाही. कोणासाठी थांबणं झेपत नाही हे उघडपणे सांगायचं, आणि ज्यांच्यासाठी थांबायचं ठरलं त्यांच्यासाठी स्वतः ओझं उचलायचं, या एकाच प्रामाणिकपणाच्या दोन बाजू आहेत. मी १९८६ साली यातलं एकही केलं नाही. थांबलो, पण कुरकुरत. आणि लहान शाखेचा आकडा जुळत नाही म्हणजे चूक तिचीच, असं मानून चाललो.

जाता जाता आपल्यापुरतं एक. डेबियन बसवताना पहिल्याच पडद्यावर भाषांची यादी येते. २००९ सालच्या 'लेनी' आवृत्तीपासून त्या यादीत मराठी आहे. मराठी निवडून डेबियन बसवणारे जगात किती असतील? माझ्या ओळखीत मी एकटा. डोकी मोजून यादी करायची ठरवली असती तर आपण कधीच गळालो असतो. कोणीतरी बसून ती वाक्यं मराठीत आणली, आणि यादी सांभाळणाऱ्यांनी त्यांच्यासाठी जागा ठेवली, म्हणून ती तिथे आहे. आपणही कोणाच्या तरी हिशेबात घाटापलीकडची शाखा असतोच.

मेमधल्या एका सकाळी चहा ओतत असताना कॉम्प्युटर जागा झाला आणि अडलेल्या शेकडो दुरुस्त्या एकदम उतरू लागल्या. मी भाच्याला फोन केला.

"आलं ना सगळं?" त्याने विचारलं.

"आलं. ते दुसरं मशीन, जे अडलं होतं, ते ठीक आहे ना आता?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "मामा, तुला त्याचं काय?"

त्याला ही गोष्ट मी तेव्हा सांगितली नाही. आज ती इथे लिहिली आहे. तो रविवारचा पेपर वाचतो.